ऑफिसात कळलं तर नोकरी जाईल का?

"मॅडम, यांना माहीत नाहीये मी फोन केलाय." कॉल असा सुरू झाला की पुढचं साधारण माझ्या लक्षात येतं. नवऱ्याची नजर जातेय, घरात सगळ्यांना कळलंय, आणि कुणी तोंडाने बोललेलं नाहीये. नजर गेलेल्या आणि जात असलेल्या लोकांबरोबर मी पुण्यात बरीच वर्षं काम करतेय, आणि सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न डोळ्यांबद्दलचा नसतोच. प्रश्न असतो, ऑफिसात सांगायचं का, सांगितलं तर काढतील का. म्हणून ही एक केस लिहितेय. त्यांना विचारून लिहितेय, गाव खातं वगैरे बदललंय. त्यांना आपण दादा म्हणू आणि बायकोला वहिनी.

दादा ४३ वर्षांचे, एका सरकारी ऑफिसात क्लार्क. दोन वर्षं झाली, ते ऑफिसच्या फायली पिशवीत घालून घरी आणायचे आणि रात्री वहिनी त्यांना वाचून दाखवायच्या, मग दादा टिपणी सांगणार आणि वहिनी कच्चं लिहिणार, सकाळी ते ऑफिसात जाऊन हळूहळू टाइप करणार. वहिनी म्हणाल्या, मॅडम मला आता सगळं सेवापुस्तक पाठ झालंय, फक्त पगार माझ्या नावावर येत नाही. हसल्या आणि मग एकदम गप्प झाल्या.

आजार होता आरपी, म्हणजे रेटिनायटिस पिगमेंटोसा. पडद्यावरच्या पेशी हळूहळू मरत जातात, आधी अंधारात बघणाऱ्या आणि कडेचं बघणाऱ्या, म्हणून लहानपणी रातांधळेपणा आणि मग बाजूचं दिसणं कमी कमी होत नजर मधल्या एका भोकाएवढी उरते. दादांना लहानपणी संध्याकाळी दिसायचं नाही म्हणून आईने गाजरं आणि शेवग्याचा पाला खाऊ घातला होता भरपूर. त्याने ए जीवनसत्त्वाच्या कमतरतेचा रातांधळेपणा सुधारतो, आरपीचा नाही. दादांची आई ही त्यांच्या वडिलांच्या मामाची मुलगी. आपल्याकडे हे नातं आवडीने जुळवतात, आणि आरपीच्या बऱ्याच घरांत ते मला ऐकायला मिळतं, कारण काही प्रकारात दोन्हीकडून तोच बिघडलेला जीन आला की आजार दिसतो. पण आईवडिलांना दोष द्यायला मी हे सांगत नाही, नातं नसलेल्या घरातही होतो.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत नाहीच ती. दादा डोळ्याच्या तक्त्यावरची अक्षरं खालच्या ओळीपर्यंत धडाधड वाचायचे. सरळ समोरचं एकेक अक्षर दिसत होतं ना. त्यामुळे नातेवाईक म्हणायचे याला काय झालंय, पेपर तर वाचतो. आणि तोच माणूस दारातल्या बादलीला अडखळून पडायचा, समोरच्याने शेकहँडला हात पुढे केला तर तसाच उभा राहायचा, रस्त्यात ओळखीच्यांना ओळख द्यायचा नाही. भावकीत नाव पडलं, सरकारी नोकरी लागल्यापासून भाव खातो. गाडी चालवणं सोडलं तर म्हणाले पेट्रोल परवडत नाही. रात्रीच्या लग्नाला जाणं सोडलं तर म्हणाले पित्त होतं. सगळ्याला कारण तयार. लपवायला केवढी अक्कल लागते, हे बाहेरून कळत नाही.

पहिल्यांदा दादा आले तेव्हा मी एक चूक केली, ती सांगून टाकते. मी एका बैठकीत सगळं सांगितलं. सर्टिफिकेट असं काढा, कॉम्प्युटरला हे सॉफ्टवेअर, पांढरी काठी शिकायला इथे जा, हा नंबर, तो नंबर. मला वाटलं केवढी मदत केली. दादा "हो हो" म्हणाले आणि दोन महिने फिरकले नाहीत. नंतर कळलं की ते त्या काळात दुसऱ्या राज्यात जाऊन डोळ्यात कसलंसं स्टेमसेलचं इंजेक्शन घेऊन आले, सोसायटीचं कर्ज काढून. मी काठी म्हणाले आणि त्यांना ऐकू आलं की ही बाई मला आंधळा म्हणतेय, मग माणूस पळणारच. २०१७ मध्ये अमेरिकेत एका जीनथेरपीला मान्यता मिळाली आहे हे खरं, पण ती आरपीई६५ नावाच्या एकाच जीनमधल्या बिघाडासाठी. कुठला जीन बिघडलाय हे न तपासता जो सरसकट इंजेक्शन देतो आणि पैसे आधी मागतो, तिथे जाऊ नका एवढं मी आता सगळ्यांना पहिल्याच दिवशी सांगते.

दुसऱ्या वेळी मी वहिनींनाही बोलावलं. दोन वर्तमानपत्रं घेतली, सुरळ्या केल्या आणि वहिनींना म्हटलं या दोन्ही डोळ्यांना लावा आणि त्या टेबलावरचा कप उचलून आणा. खुर्चीला गुडघा आपटला, कप सापडला पण शेजारचा पाण्याचा ग्लास आडवा झाला. त्या तिथेच थांबल्या, सुरळ्या काढल्या नाहीत. मग दादांकडे तोंड करून म्हणाल्या, "मी त्या दिवशी तुम्हाला सगळ्यांसमोर धांदरट म्हणाले होते." त्यानंतर अर्धा तास माझं तिथे काही काम नव्हतं, मी चहा सांगायला बाहेर गेले.

त्या दिवशी दादांनी स्वतःहून विचारलं, कळवलं तर काढतील का? ऑफिसातल्या एकाने सल्ला दिलेला, स्वेच्छानिवृत्ती घेऊन मोकळा हो, नाहीतर मेडिकल बोर्डापुढे उभं करतील आणि हाकलतील. मी २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम २० काढून ठेवलं होतं, चांगलं मोठ्या अक्षरात प्रिंट करून. दादांनी कागद हातात घेतला, इकडे तिकडे फिरवला आणि म्हणाले, मॅडम लहान अक्षरात नाहीये का, मोठं मावत नाही. माझाच पोपट झाला. भोकातून बघणाऱ्याला अक्षर मोठं केलं की एका नजरेत दोनच अक्षरं बसतात. वहिनींनी हौसेने आणलेलं मोठं भिंगसुद्धा त्यामुळेच कपाटात पडून होतं. मधुमेहाने किंवा म्हातारपणी पडद्याचा मधला भाग गेलेल्यांना भिंग लागतं, आरपीवाल्याला बऱ्याचदा चांगला उजेड आणि उन्हात पिवळट काचांचा चष्मा जास्त कामाला येतो. म्हणून लो व्हिजन तपासणी, म्हणजे उरलेल्या नजरेची तपासणी, वेगळी करून घ्या, शेजाऱ्याला लागू पडलेली वस्तू आणू नका.

तर कलम. सरकारी नोकरीत असताना ज्याला अपंगत्व आलं त्याला काढता येत नाही आणि त्याची पायरीही खाली आणता येत नाही. आधीचं काम जमत नसेल तर त्याच पगारावर आणि त्याच सेवालाभांवर दुसऱ्या पदावर बदलायचं. तसं पदच नसेल तर योग्य पद मिळेपर्यंत किंवा रिटायरमेंटपर्यंत, जे आधी येईल तोपर्यंत, अधिसंख्य, म्हणजे मंजूर पदांपेक्षा जादा तयार केलेल्या पदावर ठेवता येतं. १९९५ च्या जुन्या कायद्यातही अशीच तरतूद होती, म्हणजे हे काही काल आलेलं नाही. दादांनी ते दोनदा वाचलं, मग वहिनींना वाचायला दिलं, मग परत घेतलं. प्रायव्हेटवाल्यांनी मात्र इथे गल्लत करू नका, हे कलम सरकारी आस्थापनेचं आहे. खाजगी कंपनीत बोलणी वेगळी करावी लागतात, तिथे समान संधी धोरणाचा आधार घ्यायचा, आणि खरं सांगायचं तर साहेब कसा आहे यावर बरंच ठरतं.

कायदा लागू व्हायला हातात कागद लागतो, तो म्हणजे यूडीआयडी कार्ड, दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. स्वावलंबनच्या पोर्टलवर अर्ज करायचा आणि सरकारी दवाखान्यात तपासणी. फायद्यांसाठी किमान ४० टक्के अपंगत्व लागतं. दादांची पहिली खेप फुकट गेली कारण तिथे तक्ता वाचून घेतला आणि दृष्टी चांगली आहे म्हणून परत पाठवलं. आरपी आणि काचबिंदूवाल्यांनी हे लक्षात ठेवा, फील्ड टेस्टचा, म्हणजे किती कोनातलं दिसतं त्या तपासणीचा रिपोर्ट सोबत न्या. कायद्यात नुसती अक्षर वाचायची ताकद मोजत नाहीत, बघण्याचा कोन ४० अंशांपेक्षा कमी पण १० पर्यंत असेल तर तो माणूस अल्पदृष्टी, १० च्या खाली गेला तर अंध. फील्ड टेस्टला एका पांढऱ्या वाडग्यात तोंड घालून बसायचं आणि बारीक दिवा चमकला की बटण दाबायचं. दादा म्हणाले मला वाटलं मशीन बंद पडलंय, इतका वेळ काहीच चमकलं नाही. रिपोर्टवर मध्ये छोटा पांढरा ठिपका आणि बाकी सगळं काळं. तो कागद बघून दादा रडले नाहीत, उलट म्हणाले बरं झालं, आता मला कुणी खोटारडा म्हणणार नाही.

ऑफिसात अर्ज दिला. साहेबांनी लगेच मिठी मारली वगैरे काही नाही, फाइल तीन महिने फिरली, कुणीतरी म्हणालं मग इतके दिवस काम कोण करत होतं. सरकारी आस्थापनेत तक्रार निवारण अधिकारी नेमावाच लागतो, त्यालाही पत्र दिलं, आणि तिथेही अडलं असतं तर पुढे दिव्यांग आयुक्त होतेच, पण तशी वेळ आली नाही.

तोपर्यंत आम्ही कॉम्प्युटर सुरू केला. एनव्हीडीए नावाचं सॉफ्टवेअर आहे, फुकट, स्क्रीनवरचं सगळं बोलून दाखवतं, मराठीही. माऊस बाजूला ठेवायचा आणि कीबोर्डवर सगळं. तीन आठवड्यांत हात बसला, पण ऑफिसातली जुनी पत्रं उघडली की यंत्र चिनी बोलल्यासारखं काहीतरी बडबडायचं, कारण ती जुन्या नॉन युनिकोड फाँटमध्ये टाइप केलेली, आपल्याला अक्षर दिसतं पण आत भलतंच असतं. आणि स्कॅन केलेला जीआर म्हणजे नुसता फोटो, त्यावर यंत्र मुकं. युनिकोडमध्ये टाइप करा एवढी एकच विनंती दादांनी सहकाऱ्यांना केली, आणि फोटोवाल्या कागदांसाठी अक्षर ओळखणारं ॲप. मोबाइलवर स्क्रीन वाचून दाखवणारं टॉकबॅक, नोटा ओळखायला रिझर्व्ह बँकेचं मनी (MANI) ॲप. वहिनींची रात्रपाळी हळूहळू बंद झाली. पहिल्या आठवड्यात त्यांना चुकल्यासारखं झालं म्हणे, आता करायचं काय रात्री.

काठीला मात्र सहा महिने गेले. मी विषय काढलाच नाही. आमच्याकडच्या अशा लोकांच्या गटात एक बाई येतात, टेलिफोन ऑपरेटर, पूर्ण अंध, त्यांनी दादांना सहज विचारलं, तुम्ही पडता किती वेळा महिन्यात? दादा म्हणाले चार पाच. त्या म्हणाल्या मी यावर्षी एकदाही नाही. बस. मग दादा मोबिलिटी, म्हणजे काठी घेऊन चालणं, शिकायला गेले. काठी जमिनीपासून छातीच्या हाडापर्यंत उंच लागते, आणि उजवा पाय पुढे जाताना टोक डावीकडे टेकवायचं, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासून होते. ऐकायला सोपं, पायात उतरायला वेळ लागतो. आणि हे थोडी नजर शिल्लक असताना शिकलेलं बरं, बरेच जण पूर्ण अंधार होईपर्यंत थांबतात.

कुठे जायचं हे लोक विचारतात. पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन आहे, मुंबईत वरळीला नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासूनची, आणि सेंट झेवियर्स कॉलेजातलं दृष्टिहीनांसाठी २००३ साली सुरू झालेलं रिसोर्स सेंटर. नॅबच्या शाखा इतर जिल्ह्यांतही आहेत. सगळीकडे सगळं शिकवत नाहीत, आधी फोन करून विचारा की नजर नंतर गेलेल्या मोठ्या माणसांसाठी काय आहे. डोळ्याचे डॉक्टर "आता करण्यासारखं काही नाही" म्हणून पुढचा पेशंट घेतात ना, त्याच कागदाच्या मागे हे पत्ते लिहून दिले तर माणसांची चार चार वर्षं वाचतील. मी काही डॉक्टरांना सांगून बघितलंय. दोघं देतात.

वहिनींचा शेवटचा प्रश्न मुलांबद्दलचा होता, त्यांना होईल का. आरपी घराण्यात उतरण्याच्या तीन चार रीती आहेत, त्यामुळे ठोकून उत्तर मी दिलं नाही, दोन्ही मुलांची पडद्याची तपासणी आणि दादांची जीन तपासणी करून जेनेटिक समुपदेशकाकडे पाठवलं. मुलांचे पडदे सध्या ठीक आहेत.

दादा आता आस्थापना शाखेतून आवक जावकला आहेत, पगार तोच. गावात काठी बाहेर काढतात की पिशवीतच ठेवतात हे मी कधी विचारलं नाही. मागच्या महिन्यात त्यांचाच फोन आला, "मॅडम, काठीचं खालचं टोक झिजून पार गेलंय, नुसतं टोक मिळतं का हो वेगळं?"

मिळतं, म्हटलं. दोन घेऊन ठेवा.