वाचकांचे प्रश्न : छोट्या बोटीला ट्रिम टॅब

प्रश्न : माझी १८ फुटी फायबरची बोट आहे, मागे ९० अश्वशक्तीचे एक आउटबोर्ड. मागच्या बाकावर दोघे बसले की वेग घेताना नाळ (बोटीचे पुढचे टोक) इतकी वर उचलते की पुढचे दिसत नाही. इंजिनाला पॉवर ट्रिम (बटणाने इंजिन पुढे-मागे झुकवण्याची सोय) आहे. तरी ट्रिम टॅब लागतील का? लागल्या तर किती मोठ्या?

उत्तर : पॉवर ट्रिमने नाळ वर-खाली होते, पण एका बाजूला वजन पडून किंवा बाजूच्या वाऱ्याने बोट कलली तर एकटे इंजिन तिला सरळ करू शकत नाही. ट्रिम टॅब म्हणजे बोटीच्या मागे तळाच्या कडेला, दोन्ही बाजूंना बिजागरीवर बसवलेला, खाली झुकणारा पत्रा. ती पिछाडी उचलते, त्यामुळे नाळ खाली येते. शिवाय दोन्ही टॅब वेगवेगळ्या हलवता येत असल्याने कलही काढता येतो. तेव्हा टॅबचा उपयोग होईल, पण आधी बॅटरी, नांगर आणि जड सामान पुढे सरकवून एक फेरी मारून पाहा. निम्मे दुखणे तिथेच गेले तर उरलेल्यासाठी टॅब.

मापाचा साधा नियम असा : बोटीच्या प्रत्येक फुटामागे प्रत्येक टॅबची रुंदी निदान १ इंच, आणि बिजागरीपासून मागच्या कडेपर्यंत लांबी ९ इंच. म्हणजे तुमच्यासाठी १८ × ९ ची जोडी. ती बसते का, हे टेप लावूनच ठरवा. ट्रान्समची (बोटीच्या मागच्या उभ्या भिंतीची) रुंदी चाइनपासून चाइनपर्यंत (तळ आणि बाजू मिळतात त्या कडांपर्यंत) ७६ इंच भरली असे धरू. निम्मी ३८. चाइनकडून ४ इंच सोडायचे, राहिले ३४. प्रॉपेलर १४ इंची असेल तर मधल्या रेषेपासून त्याची टोके ७ इंचांवर येतात, त्यापुढे आणखी ८ इंच मोकळे हवेत. ३४ मधून १५ गेले, उरले १९. टॅब बसली. खोली मोजणाऱ्या यंत्राचा ट्रान्सड्यूसर याच पट्ट्यात असेल तर मात्र त्याला जागा बदलावी लागेल. हे बहुतेकांच्या लक्षात येते ते भोके पाडायला बसल्यावर.

१२ इंच रुंदीची जोडी स्वस्त पडते, ती पूर्ण खाली सोडली की काम भागेल, हा हिशोब उलटा आहे. रुंद टॅब थोडीशी झुकली तरी पिछाडी उचलते. अरुंद टॅबला तेवढ्याच उचलीसाठी जास्त झुकावे लागते आणि मग ती पाण्यात ब्रेकसारखी अडते. रुंदी खरोखरच बसत नसेल किंवा बोट जड आणि संथ असेल, तर १२ इंच लांबीचा पत्रा घेता येतो. ॲक्च्युएटरवर (टॅब हलवणाऱ्या दांड्यावर) ताण वाढतो, तो धरून चालायचा.

प्रश्न : हायड्रॉलिक घ्यावी की इलेक्ट्रिक?

उत्तर : १८ फुटी बोटीला आम्ही इलेक्ट्रिक सुचवू. पंप नाही, तेल नाही, नळ्या नाहीत, नुसत्या तारा ओढायच्या. हायड्रॉलिकचा पंप आणि व्हॉल्व्ह बोटीच्या आत कोरड्या जागी राहतात, बिघडले तर सुटे भाग बदलता येतात. इलेक्ट्रिकमध्ये मोटार पाण्यालगतच्या दांड्यातच असते. तिचे सील गेले आणि पाणी शिरले की अख्खा ॲक्च्युएटर बदलावा लागतो. हायड्रॉलिक टॅब चालत्या बोटीत आपोआप वर सरकू लागली, तर नळीच्या जोडात गळती किंवा सोलेनॉइड (विजेवर उघडझाप करणाऱ्या) व्हॉल्व्हमध्ये अडकलेला कचरा शोधा. फ्यूज बॅटरीजवळ, संचाच्या पत्रकात दिलेल्या अँपिअरचाच.

प्रश्न : बसवताना चूक कुठे होते?

उत्तर : दोन ठिकाणी. पहिली उंची. बिजागरी तळाच्या कडेपासून सुमारे पाव इंच वर हवी. ती कडेखाली उतरली तर टॅब मिटलेली असतानाही पाणी तिच्या पुढच्या कडेवर आपटत राहते. दुसरी चूक भोकांची. ट्रान्समच्या आत बहुधा प्लायवुड असते. ड्रिलच्या पात्याला चिकटून काळपट, ओलसर भुसा बाहेर आला तर तिथेच थांबा. लाकूड आधीच भिजले आहे, त्यावर टॅब बसवणे व्यर्थ. भुसा कोरडा असेल तर भोक स्क्रूपेक्षा मोठे पाडून इपॉक्सीने भरा, सुकल्यावर त्यात योग्य मापाचे भोक पाडा आणि पाण्याखाली चालणाऱ्या मरीन सीलंटमध्ये बुडवून स्क्रू कसा. घर बांधताना वापरतात ते साधे सिलिकोन इथे नको.

प्रश्न : डावे बटण दाबले की उजवी टॅब खाली जाते. तारा उलट्या लागल्या का?

उत्तर : बहुधा बरोबर लागल्या आहेत. बरेचसे स्विच नाळेच्या हालचालीप्रमाणे जोडलेले असतात. उजवी टॅब खाली गेली की उजवी पिछाडी उचलते आणि नाळेची डावी बाजू खाली बसते. तुम्ही डावे बटण त्यासाठीच दाबलेत. टॅबकडे बघू नका, नाळेकडे बघा. बटण एक-दोन क्षणच दाबा आणि बोट प्रतिसाद देईपर्यंत थांबा. दाबून धरले तर बोट दुसऱ्या बाजूला कलते, मग तिकडची टॅब खाली, असे करत दोन्ही पूर्ण उतरतात.

समोरून लाटा येत असतील तर टॅब थोड्या खाली, म्हणजे नाळेची धार पाणी कापते. लाटा मागून येत असतील तर दोन्ही पूर्ण वर. नाळ दबलेली राहिली तर ती पुढच्या लाटेत रुतून बोट आडवी फिरू शकते. रिव्हर्स घेण्याआधीही टॅब वरच हव्यात, नाहीतर सारे पाणी पत्र्याच्या पाठीवर येते आणि दांडा वाकतो.

प्रश्न : स्टेनलेसच्या टॅबला वर्षभरात खड्डे पडले. माल खोटा होता का?

उत्तर : लगेच मालावर संशय नको. तांबेयुक्त अँटिफाउलिंग (शेवाळ, शिंपले धरू न देणारा रंग) थेट पत्र्यावर फासले असेल तर खाऱ्या पाण्यात तेच पत्रा खाते. आधी प्रायमर, वर तांबे नसलेला रंग. प्रत्येक टॅबला झिंकचा एक ॲनोड (पत्र्याऐवजी स्वतः झिजणारा धातूचा तुकडा) लावा. तो कधीही रंगवू नका, आणि निम्मा झिजला की बदला. नवा ॲनोडही काही आठवड्यांत संपत असेल, तर बोटीत कुठेतरी वीज गळते आहे. बिल्जमधल्या (बोटीच्या तळाशी पाणी साचते त्या जागेतल्या) तारांचे ओले जोड आधी तपासा.