परार्धावर शून्यं किती?

चाळीसगावहून प्रश्न आलाय. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात दादर ज्वारीचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, अशी दुपटीने ६४ घरं भरली तर एकूण दाणे कितला? उत्तर १८४४६७४४०७३७०९५५१६१५. पण वाचायचं कसं? घरातला एक जण म्हणतो १८४ परार्ध आणि वर काही, दुसरा म्हणतो १ कोटी ८४ लाख परार्ध आणि वर काही. खरं कोणाचं?

दोघांचंही. परार्धच दोन आहेत. यजुर्वेदातल्या यादीत परार्ध म्हणजे एकावर १२ शून्यं, भास्कराचार्यांच्या लीलावतीत एकावर १७. त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी नातवाने मठ काढला, तो शिलालेख तुमच्या पाटणलाच आहे, तेव्हा चाळीसगावकरांनी १८४ म्हणावं, हा माझा पक्षपात.

खरी गंमत अर्बुदाची. यजुर्वेदात त्यावर ७ शून्यं, म्हणजे आपला कोटी. लीलावतीत कोटी वेगळा आला आणि अर्बुद ८ शून्यांवर सरकला. त्याच शब्दाचा हिंदीत 'अरब' झाला तो ९ शून्यांचा. म्हणून बऱ्हाणपूरकडचा माणूस अरब म्हणाला की आपण अब्ज समजायचं, अर्बुद नव्हे. बाकी नावंही मजेशीर: अब्ज म्हणजे कमळ, खर्व म्हणजे चक्क ठेंगू, आणि लीलावतीत 'अंत्य' संपल्यावर 'मध्य' येतो!

बोलताना मात्र परार्धाच्या नादी लागू नका. कोटीवर कोटी रचा: १ लाख ८४ हजार ४६७ कोटी कोटी, ४४ लाख ७ हजार ३७० कोटी, ९५ लाख ५१ हजार ६१५. कोटीवर ७ शून्यं असतात यावर कोणाचं भांडण नाही.

इतकी लांब संख्या उतरवताना एखादा अंक हमखास गळतो. तेव्हा अंकांची बेरीज करून बघा, ८७ यायला हवी. म्हणजे ३ ने भाग जातो, ९ ने नाही. शेवटी ५ आहे, म्हणून ५ नेही जातो. पुरते अवयव पाडले तर सात वेगवेगळ्या मूळसंख्या निघतात: ३, ५, १७, २५७, ६४१, ६५५३७ आणि ६७००४१७. यातल्या ६४१ आणि ६७००४१७ चा गुणाकार ४२९४९६७२९७. ही मूळसंख्या असावी असं गणितज्ञ फर्माला वाटत होतं, १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिला ६४१ ने भाग घालवून दाखवला. ६४ घरांच्या पटातून ६४१ निघावा हा निव्वळ योगायोग, त्यात अर्थ शोधू नका.