वाचकांचे प्रश्न : घरच्या राउटरमागे लिनक्स

प्रश्न : जुन्या डेस्कटॉपवर लिनक्स मिंट टाकलं. त्यावरच्या फायली आणि प्रिंटर घरात सगळ्यांना वापरता यावेत म्हणून त्याला १९२.१६८.१.१० हा पत्ता हाताने देऊन टाकला. आठवडाभर छान चाललं. आता कधी डेस्कटॉपचं नेट जातं, कधी आईच्या फोनचं. राउटर बिघडला असेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : राउटर ठीक असावा. लक्षणं पाहता एकाच पत्त्यावर दोन बिऱ्हाडं झाली आहेत. घरातल्या यंत्रांना पत्ते वाटण्याचं काम राउटरमधली डीएचसीपी सेवा करते. वाटपासाठी तिच्याकडे पत्त्यांचा एक पट्टा असतो, आणि बऱ्याच राउटरांवर तो शेवटच्या आकड्यात २ पासून २५४ पर्यंत, म्हणजे जवळजवळ सगळाच असतो. तुम्ही १० परस्पर घेतलात, त्याची नोंद तिच्याकडे नाही. डेस्कटॉप बंद असताना फोनने पत्ता मागितला, १० मोकळा दिसला, तो देऊन टाकला. डेस्कटॉप सुरू झाला की दोघांची ओढाताण. आठवडाभर त्रास झाला नाही, कारण तोवर तो आकडा कुणाच्या वाट्याला आला नव्हता.

पत्ता कायम हवा तर तो संगणकात नाही, राउटरमध्ये ठरवावा. आधी मिंटच्या नेटवर्क सेटिंगमध्ये आयपीव्ही४ पुन्हा 'ऑटोमॅटिक'वर आणा. मग ब्राउझरमध्ये राउटरचा पत्ता, बहुधा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१, टाकून आत जा. लॅन किंवा डीएचसीपीच्या पानावर 'ॲड्रेस रिझर्व्हेशन', 'स्टॅटिक लीज' किंवा 'मॅक बाइंडिंग' यांपैकी एखादं नाव सापडेल. तिथे डेस्कटॉपचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डाची स्वतःची ओळख) आणि त्याला हवा तो आयपी पत्ता यांची जोडी लावा. ती जतन करा आणि राउटर व डेस्कटॉप दोन्ही एकदा बंद करून चालू करा.

इथे एक चूक हमखास होते. केबलच्या कार्डाचा आणि वायफायचा मॅक पत्ता वेगवेगळा असतो. केबलचा नोंदवला आणि डेस्कटॉप वायफायवर चालला, तर राखीव पत्ता मिळणार नाही. शिवाय फेडोरा या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारात, ४० व्या आवृत्तीपासून, वायफायवर दर नेटवर्कसाठी तयार केलेला वेगळाच मॅक पत्ता वापरला जातो. म्हणून कार्डावरच्या स्टिकरवर विसंबू नका, जोडणी चालू असताना राउटरच्या यादीत जो दिसतो तोच उतरवा.

राउटरमध्ये ही सोय नसेल, तर वाटपाचा पट्टा १०० ते २०० इतका आखूड करा आणि मग १० खुशाल हाताने द्या. त्यासोबत नेटमास्क २५५.२५५.२५५.०, गेटवे म्हणून राउटरचा पत्ता आणि डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारा सर्व्हर) हे तिन्ही भरावे लागतात. डीएनएस भरायचं राहून जातं, आणि त्यातूनच पुढचा प्रश्न उभा राहतो.

प्रश्न : नेटवर्क जोडलेलं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही. सुरुवात कुठून करू? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : घरापासून बाहेर, याच क्रमाने जा. टर्मिनल उघडून पिंग आज्ञेला (समोरचं यंत्र उत्तर देतं का, ते ती पाहते) आधी राउटरचा पत्ता द्या. लिनक्सवर पिंग आपणहून थांबत नाही, कंट्रोल आणि सी दाबावं लागतं. इथेच उत्तर आलं नाही, तर केबल, पोर्ट किंवा पत्ता यांत घोळ आहे. आलं, तर ८.८.८.८ ला पिंग करा. तिथे अडलं तर गेटवे चुकलाय किंवा कंपनीची लाइन बंद आहे. तेही चाललं आणि साइटचं नाव दिल्यावर अडलं, तर दोष डीएनएसचा.

तिन्ही पायऱ्या पार होऊनही ब्राउझर 'जोडणी सुरक्षित नाही' म्हणत असेल, तर तारीख बघा. जुन्या मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी संपली की घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं, आणि साइटची प्रमाणपत्रं त्या तारखेला वैध ठरत नाहीत. तारीख दुरुस्त करा आणि बॅटरी बदला.

प्रश्न : ऑफिसातून घरच्या लिनक्सवर एसएसएचने (दूरच्या संगणकावर टर्मिनलमधून काम करण्याची सोय) यायचं आहे. राउटरवर त्यासाठीचा २२ नंबरचा पोर्ट (जोडणीचा क्रमांकित दरवाजा) डेस्कटॉपकडे वळवला, तरी जोडणी होत नाही. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : आधी घरातल्याच दुसऱ्या संगणकावरून जोडून पाहा. मिंटमध्ये एसएसएचचा सर्व्हर मुळात नसतो, ओपनएसएसएच-सर्व्हर हे पॅकेज टाकावं लागतं. फायरवॉल चालू असेल तर त्यातही २२ मोकळा करा.

घरात जुळलं आणि बाहेरून नाही, तर राउटरच्या स्थितीच्या पानावरचा वॅन पत्ता, म्हणजे राउटरला बाहेरच्या बाजूने मिळालेला पत्ता, बघा. तो १००.६४ ते १००.१२७ यांपैकी कशानेही सुरू होत असेल, तर इंटरनेट कंपनीने अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवलं आहे. तुमच्या राउटरवर कितीही पोर्ट वळवा, बाहेरची हाक तिथवर पोहोचतच नाही. अशा वेळी कंपनीकडे स्थिर सार्वजनिक पत्ता मागा, त्याला बहुधा वेगळे पैसे पडतात. नाहीतर आपली यंत्रं इंटरनेटवरून आपसात जोडणारी टेलस्केलसारखी सेवा वापरा. तिथे जोडणी घरातून बाहेर निघते, त्यामुळे पोर्ट वळवावाच लागत नाही.

वॅन पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर कंपनीचा फायबरचा डबा आणि तुमचा राउटर असे दोन राउटर एकामागे एक लागले आहेत. तुमच्या राउटरला ॲक्सेस पॉइंट करा : त्याची डीएचसीपी बंद, त्याचा स्वतःचा पत्ता डब्याच्याच नेटवर्कमधला पण डब्याच्या वाटपाच्या पट्ट्याबाहेरचा, आणि केबल वॅनमधून काढून लॅनच्या पोर्टात. मग पोर्ट डब्यावरून वळवा.

चाचणी फोनच्या मोबाइल डेटावरून घ्या. घरच्या वायफायवरून स्वतःच्याच सार्वजनिक पत्त्यावर जाऊ न देणारे राउटर पुष्कळ आहेत. आणि पोर्ट उघडण्याआधी पासवर्डने प्रवेश बंद करून फक्त एसएसएचच्या किल्लीने (आपल्या संगणकात ठेवलेल्या गुप्त फाइलने) ठेवा, ही विनंती कळकळीची आहे. उघड्या २२ वर पासवर्डचे अंदाज मारणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात.

प्रश्न : लिनक्स टाकल्यावर लॅपटॉपला वायफाय दिसतच नाही, आणि घरात केबलही नाही. (एक वाचक, मडगाव)

उत्तर : फोन यूएसबीने जोडा आणि फोनवर यूएसबी टेदरिंग चालू करा, लिनक्स त्याला केबलची जोडणी समजतं. मग ड्रायव्हर मॅनेजर उघडून सुचवलेला ड्रायव्हर घ्या. ब्रॉडकॉमच्या बऱ्याच कार्डांना तो वेगळा टाकावा लागतो.