छोटं पोट आणि सासूबाईंचा आग्रह

वजन कमी करायच्या ऑपरेशनबद्दल मागच्या अंकात लिहिलं होतं, त्यावर आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ऑपरेशन करून झालेल्या लोकांची आहेत. म्हणजे 'करू का नको' हा प्रश्न संपलाय आणि आता 'जेवू कसं, लोकांना सांगू काय' हा सुरू झालाय. त्यातली चार पत्रं या वेळी घेतलीयत. पत्रं लांब होती, थोडी कापलीयत, राग मानू नका.

प्रश्न : ताई, मी ४१ वर्षांची, कोल्हापूरची. तीन महिन्यांपूर्वी स्लीव्हचं ऑपरेशन झालं. वजन ११८ होतं, आता ९७ आहे. सगळे म्हणतात छान झालं पण मला रोज जेवायच्या वेळी धडकी भरते. चार घासांत पोट गच्च होतं, भाकरी छातीत अडकते आणि मग उलटी. सासूबाई प्रेमळ आहेत पण त्यांना हे पटतच नाही, 'एवढ्यानं काय होतंय, अजून एक घास घे' असं म्हणत वाढतात, आणि नाही म्हटलं की त्यांचा चेहरा पडतो. ताटात टाकायची आमच्याकडे पद्धत नाही. आता केसही मूठ-मूठ गळतायत. मी चुकीचं केलं का हो?

उत्तर : नाही हो, चुकीचं काही केलं नाहीत. आधी तुमच्या पोटात काय झालंय ते सांगते, म्हणजे सासूबाईंनाही सांगता येईल. स्लीव्हमध्ये जठराचा साधारण पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्तच काढून टाकतात, उरते ती एक अरुंद नळी, आणि तिच्यात सुरुवातीला जेमतेम शंभर-दीडशे मिली मावतं, म्हणजे आपली आमटीची वाटीसुद्धा पूर्ण नाही. जो भाग काढला त्यातच भूक लागल्याचा निरोप देणारं घ्रेलिन नावाचं हार्मोन जास्त करून बनायचं. त्यामुळे तुम्हाला भूक कमी लागते ती नाटक म्हणून नाही आणि नखरे म्हणून तर मुळीच नाही. चार घासांत गच्च होणं हे ऑपरेशन नीट काम करतंय याचं लक्षण आहे. पाचवा घास मात्र नियम मोडतो, आणि तो बहुतेक वेळा दुसऱ्या कुणाच्यातरी समाधानासाठी घेतलेला असतो.

भाकरी अडकते म्हणता, तर ती कशी खाता ते बघा. कोरडी भाकरी, मऊ पोळीचा गोळा, ब्रेड, मोकळा कोरडा भात, कोरडं चिकन हे पदार्थ खूप जणांना या काळात त्रास देतात. थोडे दिवस भाकरी बाजूला ठेवा, मग परत सुरू कराल तेव्हा आमटीत कुस्करून दोन-तीन घासांपासून करा. घास सुपारीएवढा घ्या, तोंडात त्याचं पार पीठ होईपर्यंत चावा, चमचा खाली ठेवा आणि मग पुढचा. एका जेवणाला वीस-पंचवीस मिनिटं लागली पाहिजेत, त्याच्या आत संपलं तर घाई झाली असं समजा आणि अर्ध्या तासावर गेलं तरी पोट भरलं की थांबा. जेवताना पाणी नको, ताकही नको. जेवणाआधी आणि नंतर अर्धा तास तांब्याला हात लावायचा नाही, बाकी दिवसभर घोट-घोट करत दीड-दोन लिटर पोटात गेलंच पाहिजे, हे आपल्या लोकांना सगळ्यात जड जातं कारण आपल्याला घोटाघोटाने प्यायची सवयच नसते, आपण गटागट पितो.

आता ताटात आधी काय, तर प्रोटीन. दिवसाला साधारण ६० ते ८० ग्रॅम लागतं, तुमचा नेमका आकडा तुमच्या ऑपरेशनच्या डॉक्टर-डाएटिशियनकडून घ्या. एका अंड्यात ६ ग्रॅम, १०० ग्रॅम पनीरमध्ये १८ च्या आसपास, घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात, कपभर दुधात सहा. म्हणजे बघा, नुसत्या वरण-भातावर हा आकडा गाठणं अशक्यच आहे कारण एवढं पोटात मावणारच नाही. तुमच्याकडे सोमवार-गुरुवार-शनिवार नॉनव्हेज नसेल तर त्या दिवशी पनीरची भुर्जी, घट्ट दही, मुगाचं मऊ धिरडं, आणि डॉक्टरांनी सांगितली असेल ती प्रोटीन पावडर. बाकीच्या दिवशी मटणाच्या फोडीपेक्षा मऊ खिमा, उकडलेलं अंडं, मासा. पांढऱ्या रश्श्याची वाटी पिऊन 'आज नॉनव्हेज झालं' असं मात्र समजू नका, त्यात प्रोटीन फारसं नसतं आणि पोट तेवढ्यानेच भरून जातं.

केसांचं सांगते. ऑपरेशननंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळतात हे इतकं नेहमीचं आहे की ते आधीच सांगायला हवं होतं तुम्हाला. शरीराला मोठा धक्का बसला की केसांची एक मोठी खेप एकदम विश्रांतीत जाते आणि तीनेक महिन्यांनी गळते. मुळं मेलेली नसतात, प्रोटीन आणि लोह नीट असेल तर काही महिन्यांत परत येतात. बायोटिनच्या महागड्या बाटल्या घेण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन (म्हणजे शरीरातला लोहाचा साठा) आणि बी-१२ तपासून घ्या. आणि गोळ्या चालू आहेत ना? मल्टिव्हिटॅमिन, कॅल्शियम सायट्रेट, डी, लोह, बी-१२ हे आता आयुष्यभराचं आहे. लोह आणि कॅल्शियम एकत्र घेऊ नका, मध्ये किमान दोन तास, आणि लोहाच्या गोळीवर चहा तर नकोच.

एक गोष्ट मात्र गांभीर्याने घ्या. एखाद्या वेळी घास अडकून उलटी होणं वेगळं, आणि दोन-तीन दिवस काहीच न टिकणं वेगळं. पाणीसुद्धा टिकत नसेल, चालताना तोल जात असेल, एकाचे दोन दिसत असतील, पायाला मुंग्या येत असतील तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठा आणि 'माझं स्लीव्ह झालंय' हे पहिल्या वाक्यात सांगा. सततच्या उलट्यांनी शरीरातलं बी-१ जीवनसत्त्व संपतं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर होतो, तिथे 'उद्या बघू' चालत नाही.

आणि सासूबाई. मला त्यांच्याबद्दल वाईट वाटतं, खरंच. ज्या बाईने आयुष्यभर प्रेम म्हणजे वाढणं असंच केलंय तिच्या हातातून आपण वाढायचा चमचा काढून घेतोय, मग तिने करायचं काय? म्हणून त्यांना काम द्या. पुढच्या फॉलोअपला सोबत न्या, माझा अनुभव असा की सुनेचं न ऐकणाऱ्या सासूबाई डाएटिशियनसमोर वही काढून लिहून घेतात. मग धिरड्याचं पीठ त्यांनी भिजवायचं, पनीर त्यांनी घरी लावायचं, तुमची छोटी वाटी आणि छोटी ताटली त्यांनीच काढून ठेवायची. 'आई, आज किती वाढायचं ते तुम्हीच ठरवा पण याच वाटीत' एवढं म्हणून बघा. आणि टाकायची पद्धत नाही ना, मग कमी वाढून घ्यायची पद्धत पाडा. तरी उरलंच तर झाकून ठेवा, दोन तासांनी खा. संपवायचं म्हणून संपवू नका, एवढंच.

प्रश्न : माझं गॅस्ट्रिक बायपास होऊन सात महिने झाले. ठाण्यात राहतो, वय ५२. डायबेटिसच्या गोळ्या डॉक्टरांनी जवळपास बंद केल्यात, त्याचा आनंद आहे. पण गुढीपाडव्याला चार चमचे श्रीखंड खाल्लं आणि पंधरा मिनिटांत छाती धडधडायला लागली, पोटात कळा, जुलाब, घाम, आडवा पडलो. घरच्यांना वाटलं हार्ट अटॅक. दुसरं म्हणजे कधी कधी ऑफिसात चहा-बिस्किटानंतर दोनेक तासांनी हात थरथरतात. हे असंच राहणार का? मित्रांसोबत पूर्वी बसणं व्हायचं, ते चालेल का?

उत्तर : दोन्ही प्रकारांना डम्पिंग म्हणतात पण आतलं कारण वेगवेगळं आहे. बायपासमध्ये अन्नाची पिशवी अगदी लहान, साधारण ३० मिलीची केलेली असते आणि ती सरळ लहान आतड्याला जोडलेली असते, त्यामुळे श्रीखंडासारखी साखर वाटेत न थांबता थेट आतड्यात उतरते, तिला पातळ करायला शरीर तिथे पाणी ओढून घेतं आणि मग धडधड, कळा, जुलाब. हे पहिल्या अर्ध्या तासातलं. चहा-बिस्किटानंतरचं जे आहे ते उशिराचं, साखर भराभर रक्तात चढते, त्यावर इन्सुलिन गरजेपेक्षा जास्त सुटतं आणि एक ते तीन तासांत साखर खाली कोसळते.

घरात ग्लुकोमीटर असेलच, तर थरथर सुरू झाली की आधी मोजा. ७० च्या खाली असेल तर दोन-तीन चमचे साखर पाण्यातून घ्या, आणि बरं वाटलं की लगेच मूठभर फुटाणे नाहीतर पनीरचा तुकडा खा, नुसत्या साखरेवर थांबलात तर तासाभराने परत तेच होईल. वही ठेवा, काय खाल्लं, किती वाजता, किती रीडिंग आलं. असं वारंवार होत असेल किंवा एकदा जरी भोवळ आली तर ती वही घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि उरलेल्या शुगरच्या गोळीचा डोसही त्यांनाच बघू द्या, स्वतः बंद-चालू करू नका. हार्ट अटॅकची शंका घरच्यांना आली हे बरोबरच केलं त्यांनी. तुमचं वय आणि डायबेटिस बघता छातीत दुखलं, दम लागला तर 'डम्पिंग असेल' म्हणून घरी बसू नका.

असंच राहणार का, तर बऱ्याच जणांचं वर्ष-दीड वर्षात सौम्य होतं, काहींचं राहतं. ऑफिसचा चहा बिनसाखरेचा करा आणि बिस्किटाऐवजी डब्यात उकडलेलं अंडं किंवा भिजवून उकडलेली मटकी न्या. सणाला पुरणपोळी समोर आली तर जेवणाच्या शेवटी नखाएवढा तुकडा, तोही आधी प्रोटीन पोटात गेलेलं असेल तर, आणि दूध-गुळवणीत बुडवून नाही.

'बसणं' याबद्दल स्पष्ट लिहिते. बायपासनंतर दारू पूर्वीपेक्षा फार लवकर आणि फार जास्त चढते, एका पेगमध्ये गाडी चालवायच्या लायकीचे राहत नाही. शिवाय पूर्वी ज्यांचं मन खाण्यात रमायचं त्यांच्यातल्या काहींचं ते नंतर दारूकडे वळतं, मी हे जवळून पाहिलंय आणि फार वाईट वाटतं. मित्रांसोबत जरूर बसा, ग्लासात ताक असू द्या. आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते, गुडघे दुखले म्हणून मेडिकलमधून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक परस्पर घेऊ नका, बायपासच्या जोडावर अल्सर होतो. लागलीच तर पॅरासिटामॉल, आणि बाकी डॉक्टरांना विचारून.

प्रश्न : ताई, मी २७ वर्षांची. आठ महिन्यांपूर्वी बायपास केलं, ३४ किलो कमी झालं. पीसीओडी होता, पाळी आता दर महिन्याला येते. घरी स्थळं बघणं सुरू झालंय. आई म्हणते ऑपरेशनचं कुणाला सांगायचं नाही, लग्न मोडेल. मला मात्र लपवायची भीती वाटते. पोटाची, दंडाची कातडी लोंबते, त्याचीही लाज वाटते.

उत्तर : तुला 'तू' म्हणते, चालेल ना. आईची भीती मला समजते, आपल्याकडे मुलीच्या पत्रिकेपासून चष्म्याच्या नंबरापर्यंत सगळ्यावर चर्चा होते, तिने त्यातूनच शिकलेलं आहे. पण हे लपवून संसार चालणार नाही गं. तू रोज गोळ्या घेणार, वाटीभर जेवणार, जेवताना पाणी पिणार नाहीस, हे पहिल्या आठवड्यात दिसणारच. त्यामुळे माझं मत असं, बघण्याच्या कार्यक्रमात चहा-पोह्यांवर सगळ्या मंडळींसमोर सांगायची काहीच गरज नाही, पण पुढे जायचं ठरतंय असं वाटलं की साखरपुड्याच्या आधी त्या मुलाला एकट्याला, स्वतःच्या तोंडाने सांग. आत्या, मावशी, शेजारी यांना तू देणं लागत नाहीस. ज्याच्यासोबत रोज ताटाला ताट लावून जेवायचंय त्याला मात्र माहीत पाहिजे, आणि ऐकून तो मागे सरला तर ते लग्नाआधी कळलं हे चांगलंच झालं.

दुसरं त्याहून महत्त्वाचं. पाळी नियमित झाली याचा अर्थ दिवस राहायची शक्यताही वाढली. ऑपरेशननंतर साधारण १२ ते १८ महिने दिवस राहू देऊ नयेत असं सांगतात कारण वजन भराभर उतरत असताना बाळाला पुरेसं पोषण मिळत नाही. लग्न ठरलं तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट, बायपासनंतर गर्भनिरोधक गोळ्या पोटातून नीट शोषल्या जातीलच असं नसतं, तेव्हा दुसरा पर्याय विचार. आणि पुढे कधी गरोदर राहिलीस तर तिथे ग्लुकोजचं पाणी पाजून साखरेची टेस्ट करतात, त्या वेळी 'माझं बायपास झालंय' असं आधीच सांग, त्या पाण्याने तुला डम्पिंग होईल. तुझी साखर काही दिवस घरी मीटरवर मोजूनही बघता येते.

कातडीचं खरं सांगते, व्यायामाने स्नायू भरतात आणि थोडा फरक दिसतो, पण खूप लोंबणारी कातडी क्रीमने आत जात नाही, त्या जाहिरातींवर पैसे घालवू नकोस. वजन वर्षभर एका जागी टिकलं की प्लास्टिक सर्जनकडे जाऊन विचारता येतं. तोपर्यंत घडीत घाम साचून पुरळ येतं तिथे कोरडं ठेव, सुती कपडे वापर. आणि 'आजारी होतीस का, किती उतरलीस' असं कुणी विचारलं तर 'तब्येत छान आहे' एवढं उत्तर पुरे.

प्रश्न : स्लीव्ह होऊन तीन वर्षं झाली. ३८ किलो उतरले होते, आता ७ परत आलेत. जेवण तर अजूनही थोडंच आहे. डॉक्टरांकडे जायला तोंड नाही. – एक शिक्षिका, लातूर

उत्तर : थोडं वजन परत येणं पुष्कळ जणांचं होतं, दुसऱ्या वर्षानंतर भूकही थोडी परत येते. जेवण थोडंच आहे म्हणता, मग जेवणाच्या मधलं लिहून काढा, तीन दिवस, अगदी खरं खरं. पेपर तपासताना चिवडा, स्टाफरूममधली शेव, वाढदिवसाचा पेढा, चार वेळचा गोड चहा. हे सगळं चावून पातळ होतं आणि नळीतून सरसर खाली उतरतं, पोट भरल्याचं कळतच नाही, उलट अंड्या-पनीरने लगेच कळतं. जेवणाच्या ठरलेल्या वेळा परत बांधा, प्रोटीन आधी, आणि शाळेतून घरी चालत यायला सुरुवात करा, जमलं तर आठवड्यातून दोन-तीनदा थोडे वजनाचे व्यायाम.

तोंड नाही असं का म्हणता हो. या फॉलोअपला लोक वजन वाढल्यावरच येत नाहीत आणि नेमकी तेव्हाच त्याची गरज असते. रक्ताच्या तपासण्याही तुमच्या राहून गेल्या असणार, त्या तर वजन वाढो न वाढो, दर वर्षी करायच्याच असतात. सोमवारी मधल्या सुट्टीत फोन करा आणि तारीख घ्या.