मंडळीचे वडील, मंडळीचे अध्यक्ष

प्रश्न असा आला: मराठी बायबलच्या नव्या करारात 'अध्यक्ष', 'वडील' आणि 'सेवक' भेटतात, मग चर्चमधले बिशप (धर्मप्रांताचे प्रमुख) आणि प्रीस्ट (धर्मगुरू) कुठे गेले?

कुठेच नाहीत गेले, याच शब्दांत आहेत. 'अध्यक्ष' म्हटलं की आपल्याला हारतुरे आणि लांबलेलं भाषण आठवतं. पण मूळ ग्रीक 'एपिस्कोपोस' म्हणजे वरून नजर ठेवणारा. टेलिस्कोपमधला 'स्कोप' तोच. तोच शब्द झिजत झिजत इंग्रजीत 'बिशप' झाला, पोर्तुगीजांकडे 'बिस्पो'. संस्कृतातला अध्यक्षही मुळात खुर्चीवरचा नव्हे. अधि + अक्ष, म्हणजे 'प्रत्यक्ष'मधलाच डोळा. कौटिल्याचा सीताध्यक्ष शेतीवर लक्ष ठेवतो, पण्याध्यक्ष व्यापारावर. भाषांतरकाराला इतका चपखल शब्द क्वचित मिळतो. पुढे मराठीत अर्थ सरकला, हा त्याचा दोष नाही.

'वडील' म्हणजे 'प्रेस्बुतेरोस', वयाने थोर. 'वडील भाऊ'मधले वडील, बाबा नव्हेत. त्यात चर्चला मराठी शब्द 'मंडळी', त्यामुळे मला तिथे हटकून घरातली वडील मंडळी दिसतात! याच प्रेस्बुतेरोसचा पुढे 'प्रीस्ट' झाला. 'याजक' मात्र निराळा: ग्रीक 'हिएरेउस', यरुशलेमच्या मंदिरात बळी अर्पण करणारा. नव्या करारात मंडळीतल्या कुठल्याच पदाला हा शब्द लावलेला नाही.

शिवाय अध्यक्ष वर आणि वडील खाली, अशी उतरंड तिथे दिसत नाही. नव्या करारातलं 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक, अध्याय 20 काढा. प्रेषित पौल इफिस शहरातल्या मंडळीच्या वडिलांना मिलेत गावी बोलावतो (वचन 17) आणि वचन 28 मध्ये त्याच माणसांना एपिस्कोपोस म्हणतो. एक अध्यक्ष, त्याच्याखाली वडील, मग सेवक ही रचना ठळक होते ती दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, अंत्युखिया शहराचा बिशप इग्नाटियस याच्या पत्रांत.

राहिला 'सेवक', ग्रीक 'दियाकोनोस', म्हणजेच चर्चमधलं डीकन हे पद. येशू पाण्याचा द्राक्षारस करतो त्या काना गावच्या लग्नात रांजण भरणारे नोकरही दियाकोनोसच. आपल्याकडचे वाढपी म्हणा. पौलाच्या रोमकरांस पत्राच्या 16व्या अध्यायात किंख्रिया गावच्या मंडळीतल्या फिबी या स्त्रीलाही पौल हाच शब्द लावतो, स्त्रीसाठी वेगळं रूप न करता. ते पद होतं की नुसतं वर्णन, यावर अभ्यासक भांडतात. मराठीत मात्र लिंग टाळता येत नाही: 'सेविका' लिहिलं, की वाचकाला पदाचा संशयसुद्धा येत नाही.