सर्व्हेइंग हा सिव्हिलचाच एक पेपर, मग त्याची वेगळी पदवी कशाला?

तुम्ही सिव्हिलच्या दुसऱ्या वर्षाला आहात आणि विचारताय की सर्व्हेइंग-जिओडेसीचं (जिओडेसी म्हणजे पृथ्वीचा आकार धरून मोजणी करण्याचं शास्त्र) वेगळं शिक्षण आपल्याकडे आलं कुठून. मी कोल्हापूर भागात जमीन मोजणीची कामं करतो, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा. खरं तर क्रम उलटा आहे. आधी सर्व्हेची शाळा निघाली, सिव्हिल तिच्या पोटातून आलं.

मद्रासला सेंट जॉर्ज किल्ल्याजवळ १७९४ साली ईस्ट इंडिया कंपनीचे सर्व्हेअर मायकेल टॉपिंग यांनी ती शाळा सुरू केली. पहिल्या तुकडीत आठ मुलं. कंपनीच्या ताब्यात नवा मुलूख येत होता, सारा ठरवायचा तर जमीन मोजायला हवी, आणि तेवढे मोजणीदार विलायतेहून मिळत नव्हते. म्हणून मद्रासच्याच अनाथालयातली मुलं शिकवून तयार केली. पुढे त्या शाळेचं इंजिनिअरिंग कॉलेज झालं, १९२० मध्ये ते गिंडीला गेलं, १९७८ पासून ते अण्णा विद्यापीठात आहे. आज तिथे जिओइन्फर्मॅटिक्सची, म्हणजे मोजणी आणि नकाशांच्या संगणकी शास्त्राची, स्वतंत्र पदवी मिळते. आपलं पुण्याचं सीओईपी हे इंजिनिअरिंग कॉलेज १८५४ चं, म्हणजे साठ वर्षांनी धाकटं.

त्या शाळेतल्या जोशुआ डी पेनिंग या मुलाचं नाव मला फार मोठं वाटतं. विल्यम लॅम्बटन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने १८०२ मध्ये मद्रासजवळ आधाररेषा (जमिनीवर अचूक मोजलेली पहिली रेषा) मोजून त्रिकोणांच्या जाळ्याने देश मोजणारं त्रिकोणमितीय सर्वेक्षण सुरू केलं, त्यात हा त्यांचा मदतनीस होता. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, डोंगरांवर, देवळांच्या गोपुरांवर चढवून ही माणसं कोन वाचत गेली. लॅम्बटन १८२३ मध्ये आपल्या हिंगणघाटला वारले, तिथेच त्यांची कबर आहे.

आता जिओडेसी वेगळी का, ते पाहा. गुंठ्याचा प्लॉट मोजताना पृथ्वी सपाट धरली तरी काही बिघडत नाही. पण पृथ्वीच्या पाठीवरच्या त्रिकोणाचे कोन १८० अंशांपेक्षा किंचित जास्त भरतात, साधारण दर १९७ चौरस किलोमीटरला एक सेकंद (अंशाचा ३६०० वा भाग). कोल्हापूर, पन्हाळा आणि जोतिबा हा त्रिकोण घेतला तर एक सेकंदही भरत नाही. लॅम्बटनच्या मोठमोठ्या त्रिकोणांत मात्र तो हिशेब धरावाच लागे.

हे जुनं झालं असं समजू नका. आपल्या जुन्या टोपोशीट, म्हणजे सरकारी नकाशे, जॉर्ज एव्हरेस्ट यांनी मांडलेल्या पृथ्वीच्या लंबगोल आकारावर काढलेल्या आहेत आणि रोव्हर, म्हणजे उपग्रहांवरून जागा सांगणारं यंत्र, डब्ल्यूजीएस ८४ या वेगळ्या लंबगोलावर बोलतो. डेटम, म्हणजे मोजणीचा हा आधार, चुकीचा निवडला की गटाच्या हद्दी कित्येक मीटर सरकतात, आणि बांधावर दोन भाऊ समोरासमोर उभे असतात. मशीन चालवायला आठ दिवसांत येतं. हद्द का सरकली हे सांगता यायला डेटम, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवणं) आणि चुकांचं गणित नीट शिकावं लागतं. सिव्हिलच्या एका पेपरात त्याला जेमतेम दोन-चार तास मिळतात. प्रवेश घ्यायचा विचार असेल तर अभ्यासक्रमात या तीन गोष्टींना किती जागा दिली आहे, ते आधी पाहा.