जुन्या पद्मिनीचं थ्रीडी मॉडेल करायचं आहे, ब्लूप्रिंट कुठे मिळतील?

ब्लूप्रिंट मिळतील. ‘फियाट 1100 डी’ असं शोधा, दहा मिनिटांत चारी बाजूंची चित्रं हाती येतील. आपली पद्मिनी म्हणजे तीच गाडी, कुर्ल्यात बनलेली. पण मी लिहायला बसलो ते तुमच्या प्रश्नातल्या पुढच्या वाक्यामुळे. ‘काकांची पद्मिनी नाशिकरोडला दारातच उभी आहे, पण मापं घेत बसायला वेळ नाही.’ अहो, गाडी दारात उभी आहे आणि तुम्ही चित्रं शोधताय?

आमच्या आप्पांची पद्मिनी 2016 पर्यंत पंचवटीत, जुन्या घराच्या अंगणात होती. 1984 साली घेतलेली, सेकंडहँड. आप्पा गेल्यावर ती कुणी चालवली नाही. मी नाशिकलाच अंबडला टूलरूममध्ये कामाला, डाय (पत्रा दाबायचे साचे) जुळवणं हेच रोजचं काम, त्यामुळे मापाची भीती नव्हती. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर घरी शिकलो होतो. श्रावणात सुरुवात केली.

अंगणात शहाबादी फरशी, तिला उतार. म्हणून लेव्हल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) चारी कोपऱ्यांत एकच उंची काढली, दोरा ताणला आणि सगळ्या उंच्या त्या दोऱ्यापासून धरल्या. गाडीवर दर दहा सेंटिमीटरला मास्किंग टेपच्या पट्ट्या, पट्टीवर पेनाने फुल्या. प्रत्येक फुलीपासून ओळंबा सोडायचा, तो हलायचा थांबला की फरशीवर खडूने ठिपका. तिसऱ्या दिवशी पाऊस आला आणि ठिपके धुऊन गेले. मग ऑइल पेंटने दिले. आई दोन दिवस बोलली नाही. गोलाईसाठी पुठ्ठ्याचे साचे, कात्रीने खुडत खुडत पत्र्याला चिकटून बसेपर्यंत. एका मडगार्डाचे नऊ साचे झाले.

गणपतीच्या आधी डावी बाजू पूर्ण झाली. तोपर्यंत दादाने भंगारवाल्याला तारीख देऊन टाकली होती. मी आठ दिवस मागितले. दादा म्हणाला, “अरे, गाडीच्या दोन्ही बाजू सारख्याच असतात. एक मोजलीस ना? दुसरी आरशात बघ.” शुक्रवारी गाडी गेली.

ब्लेंडरमध्ये सगळे हेच करतात हे खरं. अर्धी गाडी बांधायची आणि मिरर लावायचा. मीही तेच केलं. पण मॉडेलवर झेब्रा पट्टे टाकले (पृष्ठभागाची लय तपासायला ते टाकतातच) तर हेडलाइट आणि चाकाच्या कमानीच्या मधे पट्टे वाकडे व्हायचे. मला वाटलं माझी जाळी, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणाऱ्या रेषा, चुकली. तीन आठवडे त्या रेषांच्या ओळी (एज लूप) हलवत होतो. पट्टे सरळ केले की पुठ्ठ्याचा साचा बसेना, साचा बसवला की पट्टे वाकडे. शिवाय समोरून पाहिलं तर गाडी गाल फुगवल्यासारखी दिसायची.

शेवटी घरातले जुने फोटो बाहेर काढले. नांदुरीला, सप्तशृंगी गडाच्या पायथ्याशी, गाडीसमोर सगळं घर उभं आहे असा एक फोटो आहे. त्यात बॉनेट आणि मडगार्डमधली फट उजवीकडे दोऱ्यासारखी सरळ आहे, डावीकडे पुढे रुंद आणि मागे बारीक. आईला विचारलं. ती सहज म्हणाली, “कसारा घाटात ट्रकने घासली होती की. तू झाला नव्हतास तेव्हा.” नाशिकच्या द्वारका चौकाजवळच्या एका डेंटरने मडगार्ड बदललं नव्हतं, ठोकून वर लांबी (खड्डे बुजवायची पुटी) भरली होती. मी आठवडाभर ती लांबी मोजत होतो, आणि मिररने तीच लांबी उजव्या बाजूलाही भरली. उजवीकडे कंपनीचा मूळ पत्रा होता, तो तोवर भंगारात गेला होता.

दादा आजही म्हणतो, कॉम्प्युटरवर गाडी करून काय मिळालं, त्यापेक्षा ओव्हरटाइम कर. त्याला मी इतक्या वर्षांत नीट उत्तर दिलं नाही, ते इथे देतो. 1972 साली अमेरिकेत युटा विद्यापीठात कॉम्प्युटर ग्राफिक्सचा पाया घालणाऱ्या आयव्हन सदरलँड यांच्या विद्यार्थ्यांनी सदरलँडबाईंच्या फोक्सवॅगन बीटलवर रेषा आखल्या आणि पट्टीने मोजून ती कॉम्प्युटरमध्ये उतरवली. मी अंगणात केलं ते हेच. आणि ब्लेंडरमध्ये आपण जी बेझिए वक्ररेषा ओढतो ती ज्यांच्या नावाची, ते पिएर बेझिए रेनोमध्ये इंजिनिअर होते. त्यांच्या आधी सित्रोएनमध्ये द कास्टेलजो यांनी तेच गणित मांडलं होतं. गाडीचा पत्रा नेमका कसा वळतो हे आकड्यांत पकडायचं होतं म्हणून ही रेषा जन्माला आली. दादाला जो वेळेचा नास वाटतो ते माझ्या टूलरूमच्या धंद्याचं मूळ आहे. आणि आप्पा ज्या मडगार्डवर हात टेकून उभे राहायचे ते आज फक्त माझ्या फाइलमध्ये आहे, लांबीसकट. ती डावी बाजू मी तशीच ठेवली आहे. उजवी चार फोटोंवरून काढली, पण ती अंदाजाची आहे आणि ते मला रोज टोचतं.

आता ब्लूप्रिंटबद्दल. पहिला ढाचा उभा करायला वापरा, त्यापुढे विश्वास नको. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर 2340 मिलिमीटर धरून चित्र मापात आणा आणि मग समोरच्या व्ह्यूची उंची बाजूच्या व्ह्यूशी जुळते का बघा. बहुतेक वेळा जुळत नाही. दुसरी फसगत अशी की 1953 च्या 1100-103 चं, म्हणजे आपल्या डुक्कर फियाटचं चित्रही याच नावाखाली येतं. तिचंही अंतर 2340 च, त्यामुळे चाकं बरोबर बसतात आणि वरची बॉडी वेगळ्याच गाडीची. पुढच्या दरवाजाच्या बिजागऱ्या मागच्या बाजूला दिसल्या तर ते चित्र सोडून द्या.

एक राहिलं. मापं घेण्याआधी टायरमध्ये हवा भरा. उभ्या गाडीची हवा गेलेली असते, ती एका अंगाला बसते आणि सगळ्या उंच्या चुकतात. फोटो काढाल ते लांबून, झूम करून. जवळून मोबाइलने काढलेल्या फोटोत नाक मोठं येतं. आणि गेमसाठी हलकं मॉडेल हवं असेल तर यातलं निम्मं लागणार नाही, तेवढ्याला ब्लूप्रिंट पुरते. वेळ विचारलात तर मला संध्याकाळचे दोन तास धरून सात महिने लागले.

मुंबईतली शेवटची काळीपिवळी पद्मिनी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून उतरली. काकांच्या गाडीलाही कुणीतरी तारीख देईल. दोन रविवार काढा. ओळंबा धरायला दुसरा माणूस लागतो. तुमच्याकडे कुणी नसेल आणि काकांची हरकत नसेल, तर मी येतो. फक्त सुरुवात उजव्या मडगार्डपासून करू.